आधी पिना मोज, मग दुकानात जा

काल फोनवर तू विचारलंस, "आक्का, गटाच्या ट्रॅक्टरला क्विक हिच घ्यायची म्हणतोय आम्ही, कुठली घेऊ?" मी नुसतं हं-हं केलं. इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मॅच जिंकलेली पोरं मिरवत होती आणि पाटाकडील तालमीपासून मिरजकर तिकटीपर्यंत हलगीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आज निवांत आहे. चहा घेऊन बस आणि ऐक. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या पाहुण्यांनाही, वाचून दाखव हवं तर, पण आधी तू वाच, कारण अवजार जोडायला ट्रॅक्टरच्या मागं तूच जाणार आहेस.

तू मला कंपनी विचारलीस. मी तुला उलट विचारते, जोडताना तुझ्याबरोबर कोण असतं गं?

आपल्याकडची रीत तुला माहितीच आहे. एक जण सीटवर, एक जण मागं. मागचा ओरडतो, "ये, ये, अजून ये, बास!" ट्रॅक्टर चार बोटं जास्तच येतो, नाहीतर चार बोटं कमी पडतो. मग पहार घालून रोटर सरकवायचा. आधी ट्रॅक्टरचा डावा हात बसवायचा, मग उजवा, कारण उजव्याला उंची खाली-वर करायचं हँडल असतं, आणि शेवटी टॉप लिंक. सोडताना बरोबर उलटं. गडीमाणूस दणकट असला, जमीन सपाट असली आणि पिना सरळ असल्या तर हे काम चहा उकळेपर्यंत होतं. पण तुमच्या गटात ट्रॅक्टरवर तू, आणि मागं? शाळेतून आलेलं एखादं पोर, नाहीतर जाऊबाई. अडीचशे-तीनशे किलोचं अवजार आणि मोठं चाक यांच्यामध्ये त्यांनी उभं राहायचं आणि तू क्लचवर पाय ठेवून मागं बघायचं. क्लचवरून पाय घसरला तर काय होईल, हे मी सांगायला नको. क्विक हिच म्हणजे मागं माणूस उभं न करता अवजार धरणारी जोडणी, आणि ती घ्यायची तुझी खरी गरज इथं आहे. वेळ वाचतो वगैरे ठीक आहे, पण त्या फटीत माणूस उभं करायला लागू नये म्हणून घ्यायची. कुठली घ्यायची तेही त्याच हिशेबानं ठरवायचं.

ज्याच्याकडं एक रोटर नि एक फणपाळी आहे आणि जो महिन्यातून एकदा अवजार बदलतो, त्यानं ह्या भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमची अवजार बँक आहे. ऊस कारखान्याला गेला की त्याच आठवड्यात एकाला पाचट कुट्टी करून हवी, दुसऱ्याला खोडव्याच्या बगला फोडून हव्यात, तिसऱ्याला रान नांगरून सरी सोडून हवी. आणि रानं कशी, तर वीस गुंठे इकडं, पंधरा गुंठे ओढ्याच्या पलीकडं. तुम्हाला दिवसातून दोन-तीनदा जोड-सोड करावी लागते. तुमचं म्हणणं रास्त आहे.

आता मापं. कंटाळू नकोस, सगळी मेख इथंच आहे.

ट्रॅक्टरमागचे हे तीन हात हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाच्या डोक्यातून निघालेले. त्यानं 1926 साली त्याचं पेटंट घेतलं, आणि 1939 साली हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरवरून ती जोडणी जगभर गेली. त्या काळी हीच झटपट जोडणी होती. त्याआधी अवजार नुसतं मागं ओढत न्यायचे. पुढं वेगवेगळ्या कंपन्यांची अवजारं एकमेकांच्या ट्रॅक्टरला बसावीत म्हणून मापं ठरली. आपल्याकडं ती आयएस 4468 ह्या मानकात आहेत. कॅटेगरी एक म्हणजे खालच्या पिना 22 मिलिमीटर जाड, टॉप लिंकची पिन 19, आणि अवजारावर खालच्या दोन पिनांमधलं अंतर 683. कॅटेगरी दोन म्हणजे खालच्या पिना 28, वरची 25 आणि अंतर 825. गटाचा मिनी ट्रॅक्टर पहिल्या कॅटेगरीतला असेल, कदाचित त्याहून अरुंद, 'वन-एन' म्हणतात त्यातला. पाहुण्यांचा पंचेचाळीस एचपीचा बहुतेक दुसऱ्या कॅटेगरीतला. म्हणजे एकाच शेडमध्ये दोन मापं नांदतायत, आणि तुम्ही एकच क्विक हिच घेऊन दोन्हीकडं वापरू म्हणताय. ते जमायचं नाही. टिचबटणाच्या दोन्ही बाजू एका मापाच्या नसतील तर ते कितीही दाबलं तरी बसत नाही, तसं आहे हे.

आबांनी आपल्याला लहानपणी व्हर्नियर धरायला शिकवलं होतं, आठवतंय? ते आता कामाला येऊ दे. वही घे. प्रत्येक अवजाराची डावी पिन, उजवी पिन, वरची पिन मोज. एका जागी मोजून थांबू नकोस, मधोमध मोज आणि दोन्ही कडांना मोज, कारण पिन मधेच झिजते. 28 ची पिन 26 झालेली सापडली तर नवल नाही. मग खालच्या दोन पिनांमधलं अंतर घे, पिनांच्या खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग खालच्या पिनांच्या रेषेपासून वरच्या पिनेपर्यंतची उंची. ही उंची आपल्याकडं कुणीच मोजत नाही आणि क्विक हिच नेमकी तिथं अडते. साध्या टॉप लिंकला दोन-तीन भोकं असतात, लांबी फिरवून कमी-जास्त होते, उंचीचं कुणाला काही वाटत नाही. तयार चौकटीला ते चालत नाही, तिचा वरचा आकडा ठरलेल्या उंचीवर असतो.

उद्यमनगरात आपल्या लेथवर येणारी निम्मी माणसं "पिन वाकली, नवी करून द्या" म्हणून येतात. बघितलं तर पिन साध्या एमएसची, कुणीतरी स्वस्तात मारून दिलेली. क्विक हिचमध्ये पिन मऊ असून चालत नाही, कारण खटका त्याच पिनेवर बसतो आणि सगळा ओढा तिथंच येतो. नवी पिन करून घेशील तेव्हा ईएन-8 नाहीतर त्याहून बरं मटेरियल माग, आणि हार्ड करून दिलीय का विचार. बिलावर लिहून घे. लोखंडाच्या दुकानात "मॅडम, तेच आहे ते" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

मापं वहीत आली की पुढचं सोपं आहे. बाजारात ह्या जोडणीचे ढोबळ तीन-चार प्रकार मिळतात.

पहिला चौकटीचा, यू-फ्रेम. व्हिडिओत तुम्ही पाहिलात तो हाच असणार, कारण दिसायला तो सगळ्यात देखणा. एक उलट्या यू आकाराची लोखंडी चौकट ट्रॅक्टरच्या तीन हातांना कायमची बसवायची. चौकटीला वर एक आकडा, खाली दोन जबडे. मागं जायचं, चौकट अवजाराच्या पिनांखाली घालायची, लिफ्ट उचलायची. आधी वरचा आकडा पिन धरतो, मग खालच्या पिना जबड्यात बसतात, खटके पडतात. उतरायला लागत नाही. बघताना फार छान वाटतं.

पण प्रत्येक अवजाराच्या पिना त्या जबड्याच्या मापाच्या व्हाव्यात म्हणून त्यांना बुश चढवावे लागतात, सगळ्या अवजारांना. आणि ती उंची! अमेरिकी मापाच्या चौकटीत कॅटेगरी एकला वरचा आकडा पंधरा इंचांवर असतो, म्हणजे 38 सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं बनलेल्या अवजाराची तीच उंची 46 सेंटिमीटर. ऑनलाइन मागवलेली चौकट आणि इकडं बनलेला रोटर यांची गाठ पडायची कशी? मग कुणीतरी अवजाराच्या मस्तकावर पट्टी वेल्ड करून देतो, ती तिरकी बसते, आणि चार दिवसांत पाहुणे म्हणतात, "तरी मी सांगत होतो." शिवाय टॉप लिंक चौकटीलाच राहते. नांगराला टॉप लिंकची लांबी वेगळी लागते, सरी रिजरला वेगळी. ती फिरवायला उतरायचंच आहे तुला.

दुसरा त्रिकोणाचा, ए-फ्रेम. ट्रॅक्टरला एक त्रिकोण, अवजाराला त्याच्यावर बसणारा दुसरा. खालून घालायचा, उचलायचा, वर एकच खटका. एकट्या माणसाला हा सगळ्यात सोपा, कारण ट्रॅक्टर थोडा तिरका लागला तरी त्रिकोण स्वतःला सरळ करून घेतो. अडचण एवढीच की अवजारागणिक एक त्रिकोण वेल्ड करावा लागतो. अवजारं अजून घ्यायची असती तर मी हाच घे म्हटलं असतं. जुन्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या अवजारांवर त्रिकोण चढवत बसणं म्हणजे निम्म्या अवजारांची नव्यानं बांधणी आहे. त्यात अनुदानावर घेतलेलं अवजार असेल, तर त्याच्या चौकटीला वेल्डिंगचा रॉड लावण्याआधी कृषी खात्यात विचार. मोका तपासणीला माणूस आला आणि अवजाराचं रूपच पालटलेलं असलं तर उत्तरं तुला द्यावी लागतील.

तिसरा आकड्यांचा. ट्रॅक्टरच्या खालच्या दोन हातांच्या टोकाला नेहमीच्या भोकाऐवजी वर उघडे आकडे असतात. अवजाराच्या खालच्या पिनांवर एकेक गोळा कायमचा घालून ठेवायचा. मागं जायचं, हात गोळ्याखाली आणायचे, उचलायचं, आकडा गोळ्याला धरतो आणि खटका आपोआप पडतो. सोडायचा तर दोरी ओढायची. टॉप लिंकला पण असाच आकडा मिळतो. तो नसेल तर टॉप लिंक हातानं जोडायची. पण तोवर अवजार दोन्ही हातांनी धरलेलं असतं. ट्रॅक्टर बंद करून, हँडब्रेक लावून, सावकाश जोडता येते. मला हाच आवडतो. अवजार मागं सरकत नाही, लोखंडाचं वजन वाढत नाही, उंचीची भानगड नाही. कॅटेगरी मात्र जुळायला हवी.

आणि एक चौथा आहे, ज्याला कुणी क्विक हिच म्हणत नाही, पण काम तेच करतो. खालच्या हातांची टोकं बाहेर सरकतात. खटका दाबला की टोक काही इंच बाहेर येतं, डावी-उजवीकडं हलतं. पिनेवर बसवायचं, लिंच पिन लावायची, मग ट्रॅक्टर हळूच मागं घ्यायचा; टोक आत जाऊन आपोआप अडकतं. काही ट्रॅक्टरना हे कंपनीतूनच येतं. म्हणून आधी दारातल्या ट्रॅक्टरचे हात नीट बघ. गंजून चिकटलेलं असेल, कुणी कधी वापरलं नसेल. डिझेल टाकून, घासून, ग्रीस देऊन मोकळं झालं तर निम्मं काम फुकटात झालं.

वजनाचं म्हणतेय त्याचं थोडं सांगते, कारण मिनी ट्रॅक्टरला चौकट लावायचं खूळ तुमच्या डोक्यात आहे. चोवीस-पंचवीस एचपीच्या मिनीची उचल साधारण साडेसातशे किलोच्या आसपास सांगतात. ती बहुतेक वेळा हाताच्या टोकाशी मोजलेली असते. टोकापासून 610 मिलिमीटर मागं मोजली की आकडा बराच उतरतो, आणि अवजाराचा भार तर मागंच असतो. कागदावर नीट बघ, हे दोन वेगळे आकडे असतात. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे, तिच्या अहवालात उचल कुठं मोजली ते लिहिलेलं असतं. आता चौकट लावलीस तर तिचंच वजन तीस-चाळीस किलो, वर अवजार दहा सेंटिमीटर मागं सरकतं. पंचेचाळीस एचपीला ते कळतही नाही. मिनीचा पुढचा भाग हलका होतो, आणि पन्हाळ्याच्या बाजूच्या चढावर, बांध ओलांडताना, पुढची चाकं जमीन सोडायला लागतात. स्टीअरिंग फिरवतेस आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पुढं वजनं लावता येतात, पण मिनी घेतला तो उसाच्या सरीत हलका चालावा म्हणून ना? मग त्याला लोखंड कशाला लादायचं?

आता पीटीओ, म्हणजे शाफ्ट. हे वाचताना चहा खाली ठेव.

रोटर असो की पाचट कुट्टी, क्विक हिच लावली म्हणून शाफ्ट आपोआप जोडला जात नाही. तो हातानंच लावायचा, सहा खाचांच्या त्या दांड्यावर सरकवून, खटका बसल्याची खात्री करून. म्हणजे "सीटवरून उतरायलाच नको" हे दुकानदाराचं वाक्य नांगराला नि फणपाळीला खरं, रोटरला निम्मं खोटं. पल्टी नांगर हायड्रॉलिकवर पलटणारा असेल तर त्याचे पाइप जोडायला पण उतरायचंच. चौकट लावली तर शाफ्ट लांब लागतो, कारण अवजार मागं गेलं. एकात एक सरकणाऱ्या नळ्या पुरेशा आत राहिल्या नाहीत तर त्या उचलताना सुटतात. उलट, चौकटीसाठी शाफ्ट लांब करून घेतलास आणि एक दिवस चौकट काढून तोच शाफ्ट लावलास, तर नळ्या टेकतात आणि गिअरबॉक्सवर घाव बसतो. मिनी आणि मोठा असे दोन ट्रॅक्टर फिरवणाऱ्या गटात हे एक दिवस होणारच होणार. आकडेवाल्या हातांना माझी पसंती आहे त्याला हेही कारण आहे.

आणि पदर. पीटीओचा वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धर. सेकंदाला नऊ वीत कापड तो गुंडाळतो. आईचं नऊवारी लुगडं चार सेकंदात संपलं, हिशेब करून बघ. हात लिव्हरपर्यंत पोचायला तेवढा वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं की आपली माणसं काढून टाकतात आणि तसंच चालवतात. तुमच्या शेडमध्ये कव्हर नसलेला एकही शाफ्ट राहू देऊ नकोस, मग क्विक हिचचे पैसे थोडे मागं पडले तरी चालतील. मागं जाताना इंजिन बंद, चावी तुझ्या हातात. ओढणी, पदर कंबरेला घट्ट, नाहीतर वरून पाहुण्यांचा जुना शर्ट चढव. गटातल्या बायका लाजतील पहिल्यांदा. लाजू देत.

हे लिहिताना मला हसू येतंय, कारण नांगराला बाईनं हात लावू नये म्हणणारी माणसं अजून आपल्यात आहेत. असले समज जुनेच; किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हाही लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक घेईनात, आणि किर्लोस्करवाडी तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळलंय, पण तो विषय दिवाळीला समोरासमोर.

ट्रॉलीचं एक राहिलं. गळीत हंगामात मोठा ट्रॅक्टर ऊस ओढायला जातो. ट्रॉली तीन हातांना लागत नाही, ती मागच्या हुकाला लागते, आणि चौकट मधे असली की वळणावर ट्रॉलीचा दांडा तिला घासतो. म्हणजे चौकट काढायची, हंगाम संपला की पुन्हा बसवायची. आकडे असले तर हात नुसते वर करून साखळीनं बांधले की झालं.

पाहुण्यांना एक काम सांग. शेडच्या दारात कोबा करून घ्या, अवजारं उभी करायला. क्विक हिच कुठलीही असो, अवजार सरळ उभं असेल तरच बसते. जुलैच्या चिखलात रोटर एका अंगावर कलला की आकड्यांना गोळे सापडायचे नाहीत, मग पुन्हा पहार आली आणि फटीत माणूस आलं. अवजार सोडताना त्याचा स्टँड खाली लाव, नांगराच्या फाळाखाली लाकडी ठोकळा घाल, आणि उजव्या हाताचं लेव्हलचं हँडल दर वेळी एकाच खुणेवर आणून ठेव. खूण खडूनं नको, ऑइल पेंटनं कर. हात वर-खाली असले की एक आकडा धरतो नि दुसरा हुकतो, आणि न बघता उचललंस तर अख्खं अवजार एका पिनेवर लटकतं. म्हणून खटका पडल्याचा आवाज आला तरी भरवसा नको. वीतभर उचल, थांब, इंजिन बंद कर, उतर, दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी बघ. मग चेक चेन ताण, नाहीतर रोटर बाजूला झुलून टायर खातो.

पंचगंगेच्या काठची काळी माती तर तुला माहीतच आहे. 2019 च्या महापुरानंतर गाळात बुडालेली अवजारं लेथवर यायची तेव्हा खटक्याच्या स्प्रिंगा कशा दगडासारख्या झाल्या होत्या, ते मी पाहिलंय. पूर नसला तरी पावसाळ्यात खटक्यात चिखल बसतो आणि तो अर्धाच पडतो. अर्धा पडलेला खटका हा उघड्या खटक्यापेक्षा वाईट, कारण तो बंद झाल्यासारखा दिसतो. रोज पाण्यानं धुऊन, वाळवून, पातळ तेल. ग्रीस थापू नकोस तिथं, माती धरते.

तर तुला हवं होतं ते उत्तर. मोठ्या ट्रॅक्टरला आकडेवाले खालचे हात घे, कॅटेगरी दोनचे, आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या प्रत्येक अवजाराला गोळे. गोळे अवजारागणिक घे, एकच जोडी काढून-घालून वापरायचा चिक्कूपणा करू नका, त्यात सगळा वेळ जातो. मिनीला काही घेऊ नकोस. त्याची टोकं सरकती आहेत का ते बघ, नसतील तर त्याची अवजारं हलकी आहेत, ट्रॅक्टर बंद करून दोघी मिळून हातानं जोडाल. फक्त त्या अवजारांच्या पिना नव्या करून घे. दोन मापांच्या अवजारांना दोन रंग द्या, पिवळा मोठ्याचा, निळा मिनीचा, म्हणजे कुणी 22 च्या पिनेवर बुश घालून ते 28 च्या भोकात बसवायला जाणार नाही. किमतीची तुलना करताना नुसत्या हातांची किंवा चौकटीची करू नकोस. गोळे किंवा बुश गुणिले अवजारं, नव्या पिना, शाफ्ट लांब करायचा खर्च, हे सगळं एका कागदावर मांड. स्वस्त वाटणारी चौकट त्या कागदावर महाग निघते, आणि ते आकडे बघून पाहुणे आपणच मागं हटतील. तुला बोलावंही लागणार नाही.

कुणी तुला म्हणेल, आहेत तेच हात कापून त्यांना आकड्याची टोकं वेल्ड करून देतो, निम्म्या पैशात. आपल्या उद्यमनगरात हाताला कला असलेले वेल्डर आहेत, त्यांच्याबद्दल माझा शब्द वाकडा जाणार नाही. पण हा हात घडीव लोखंडाचा असतो, त्याला ठरावीक उष्णता देऊन ताकद आणलेली असते. कापून जोडलं की जोडाच्या शेजारी तो कमकुवत होतो आणि नांगर दगडाला अडकला की तिथंच तुटतो. अख्खा हात बदलून घे. जुने हात विकू नकोस, माळ्यावर टाक. ट्रॅक्टर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक ते मागतं.

सेकंड-हँड मिळतंय म्हणून भुलू नकोस. आकड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरव. खळगा लागला, नाहीतर गोळा बसवून हलवल्यावर खडखडला, तर तो नांगराच्या ओढ्याला टिकणार नाही. खटक्याची स्प्रिंग दाबून सोड, ती झटक्यात परत आली पाहिजे.

येत्या रविवारी येशील तेव्हा वही आण आणि जमलं तर ट्रॅक्टरच्या मागं नांगर लावूनच ये, सगळ्यात वाकडं अवजार तुमच्याकडं तेच आहे. दुकानात मी येईन बरोबर. तो म्हणेल, "ताई, घरी जाऊन लावा, बसतंय, आम्ही दिलंय की सगळ्यांना." तू पैशांची पिशवी उघडू नकोस. त्याच्याच दारात नांगर उतरव, त्याच्याच माणसाला हात बसवायला सांग, आणि सीटवर तू बस. मागं कुणी उभं न राहता तुला एकटीला जोडता आला, वर उचलता आला आणि सोडता आला, की मग बिल कर म्हण.